सिद्धारामअप्पांची पतदप्तरावर स्वारी

श्रीमन्मथस्वामी समर्थ.

शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सर, अधिक भाद्रपद मास, इंग्रजी सन दोन हजार बारा. कसबे पाटोदा, जिल्हा बीड, येथील तहसील कचेरीच्या भिंतीस पाठ टेकून बसणारा अर्जनवीस लिहितो तो मजकूर ऐसा. तलवारीच्या लढाया लिहिणारे बहुत जाहले आणि त्यांनी एक हत्ती पडला तरी चार चार पाने खर्ची घातली. परंतु या कसब्यात एका सचोटीच्या गृहस्थाची अब्रू सात दिवस शून्याच्या खाली जाऊन पडली होती आणि ती त्याने कोणत्या मसलतीने वर काढिली, हे लिहावयास कोणी कलम उचलले नाही, सबब आम्ही उचलले. पदरचे काही घातले नाही. जे पाहिले ते लिहिले, आणि जे पाहिले नाही ते पाहणारांस चहा पाजून विचारून घेतले.

पूर्वी माणसाची पत त्याच्या गल्लीत राहत असे. मग दिल्लीकरांनी मुलखाची कवाडे उघडिली आणि परदेशी साबण, परदेशी मोटारी यांच्या मागोमाग परदेशी रीतही आत आली, आणि मुंबईत एक पतदप्तर स्थापन जाहले. त्या दप्तराने ऐसा बंदोबस्त केला की मुलखात ज्याने ज्याने कर्ज काढिले त्या हरएक असामीच्या नावापुढे तीनशेपासून नऊशेपर्यंत एक आकडा मांडावा, ज्याचा आकडा साडेसातशेच्या वर तो सरदार, ज्याचा साडेपाचशेच्या खाली तो लुच्चा. तो आकडा मांडणारे कारकून काचेच्या महालात, थंड हवेत बसत. त्यांनी पाटोदा कधी पाहिला नव्हता आणि पाहण्याची त्यांस गरजही वाटली नव्हती, आणि या न पाहण्यासच ते शास्त्र म्हणत.

आता ज्यांची ही हकीकत ते अखंड-रोख-व्यवहारी, उधार-वर्जित, राजमान्य सिद्धारामअप्पा शेटे. उमर एकावन्न, भांड्यांचे दुकान, मुक्काम मेन रोड. यांनी आयुष्यात कोणाचे कर्ज घेतले नाही. सायकल घेतली ती रोख, फटफटी घेतली ती रोख, आणि त्याच साली वैशाखात भाड्याचे दुकान सोडून स्वतःचा गाळा घेतला तोही रोख, नऊ लाख रुपये मोजून, ज्यायोगे खजिना अगदी रिता जाहला. आणि त्याच साली पाऊस रुसला, लग्ने पुढे गेली, आणि तांब्या-पितळेस गिऱ्हाईक उरले नाही. ऐशा समयी त्यांची कन्या शिवांजली हिस औरंगाबादेस औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात जागा मिळाली. पहिल्या सालाची फी आणि वसतिगृह मिळून एक लाख आठ हजार रुपये, आणि मुदत पाच सप्टेंबर. मुदत टळल्यास जागा पुढच्या नंबरास जाणार.

अप्पांच्या कुटुंबाने, म्हणजे रुद्राणीबाईंनी, मसलत दिली की मुलीच्या शिक्षणास बँक कर्ज देते, त्यात लाज ती कसली. अप्पांनी दोन दिवस विचार केला, तिसरे दिवशी इस्त्रीचा सदरा घातला, आणि अधिक भाद्रपद शुद्ध चतुर्थी, मंगळवारी, कन्येस सोबत घेऊन बँकेवर गेले. बँकेचे नाव आम्ही लिहीत नाही. इतुके लिहितो की त्या बँकेत अप्पांचे खाते सव्वीस वर्षे होते आणि त्या खात्यात कधी एक चेक परत गेला नव्हता.

तेथील शाखाधिकारी उत्तरेश्वरराव. दोन वर्षांमागे बदलून आलेले, काचेच्या खोलीत बसणारे, आणि गिऱ्हाईक आत आले असता संगणकाकडे पाहून बोलणारे. त्या समयी खोलीत मोहनराव चहा घेत बसले होते. हे मोहनराव म्हणजे कसब्याचे पुढारी, तीन गाड्या, दोन बोअर, आणि ज्या खुर्चीत बसतील तीस आपली समजणारे. शाखाधिकाऱ्यांनी मोहनरावांस दुसरा चहा मागविला आणि अप्पांस उभे ठेविले. मग अर्ज घेतला, संगणकात पॅनकार्डाचा नंबर घातला, चार वेळा बटण दाबिले, आणि जो निवाडा सुनावला तो शब्दशः ऐसा:

“शेटे, तुमचा स्कोअर उणे एक आहे. शून्याच्याही खाली. असल्या माणसाला बँक पैसे देत नसते.”

अप्पा बोलले, “साहेब, मी कवाच कर्ज घेतलं न्हाई.”

“सगळे असंच म्हणतात.”

शिवांजलीने विनंती केली की तो कागद दाखवावा. त्यावर हुकूम जाहला की हे दप्तर गुप्त आहे, गिऱ्हाइकास दाखविण्याची रीत नाही. मोहनरावांनी बशीतला चहा संपविला आणि हसून म्हणाले, “अप्पा, उणे म्हंजी लईच झालं बे. माझा सातशे ऐंशी हाय.”

मोहनरावांच्या त्या सातशे ऐंशीची हकीकत वाचणारांस कळली पाहिजे. मोहनराव एका बँकेचे कर्ज दुसऱ्या बँकेच्या कर्जाने फेडीत, दुसरीचे तिसरीच्या, आणि हप्ता कधी चुकवीत नसत. गल्लीतील किराणावाल्याचे, पेट्रोलवाल्याचे आणि दोन शिक्षकांचे हातउसने पैसे त्यांनी कधी परत दिले नाहीत, परंतु किराणावाल्याचे नाव मुंबईच्या दप्तरात लागत नाही. ऐसे हे शास्त्र. यात मोहनराव सरदार ठरले आणि सिद्धारामअप्पा शून्याच्या खाली गेले.

ही खबर बँकेतून बाहेर पडली आणि दुपारी बाजार भरून राहिली. कोणी म्हणे अप्पांनी गाळा घेतला तो कर्ज बुडवूनच, कोणी म्हणे सोलापुरास त्यांचा दुसरा व्यवहार आहे. शिवशंकर नामे एक गिऱ्हाईक, ज्याने मुलाच्या लग्नाच्या भांड्यांस पाच हजार बयाणा देऊन ठेविला होता आणि वीस वर्षांत ज्याने पावती मागितली नव्हती, तो दुकानी आला, इकडचे तिकडचे बोलला, आणि जाता जाता म्हणाला, “अप्पा, पावती लिहून ठिवा की. घरचे विचारायलेत.” अप्पांनी पावती लिहून दिली. मग तो गेल्यावर गल्ल्यावर बसून राहिले आणि समोर आलेल्या बाईस कळशीचा भाव सांगावयास विसरले.

घरी रुद्राणीबाईंनी जेवण वाढले आणि विचारिले, “खरं सांगा, कुणासाठी कुठं सही-बिही केली व्हती का? मी काय बोलणार न्हाई.”

अप्पांनी ताट सरकविले. लोकांनी संशय घेतला तो त्यांनी सोसला होता, परंतु सव्वीस वर्षे संसार केलेल्या बायकोने विचारिले ते काळजास लागले. ते एवढेच म्हणाले, “ट्रंक उघड.”

मग दुसरे दिवशी सकाळी लोखंडी ट्रंक उघडिली आणि रुद्राणीबाईंनी जातीने दप्तराची झडती घेतली. फटफटीची पावती, गाळ्याचे खरेदीखत, वीजबिले, घरपट्टी, नगरच्या घाऊक व्यापाऱ्याची बिले सालवार दोऱ्याने बांधलेली, एकूण सव्वीस वर्षांचा कागद त्यांनी एक एक करून पाहिला. कर्जाचा कागद निघाला नाही. जामिनाचा निघाला नाही. तेव्हा त्यांनी सगळे परत बांधिले, पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, “मी उगंच इचारलं. आता त्या मुंबईवाल्याला इचारा, कावून लिहिलं म्हणून.”

त्याच दिवशी चारच्या सुमारास मोहनराव दुकानी आले. खुर्ची न मागता बसले आणि तहाची कलमे सांगितली. त्यांचा पुतण्या माती उकरण्याचे यंत्र घेणार होता, किंमत अठरा लाख, आणि बँकेस एक जामीन हवा होता, ज्याचे स्वतःच्या मालकीचे दुकान असेल. अप्पांनी त्या कागदावर सही करावी, मोहनरावांनी उत्तरेश्वररावांकडे शब्द टाकावा, म्हणजे पोरीची फी चार दिवसांत निघेल.

अप्पा म्हणाले, “माझा आकडा उणे हाय म्हणता, मग माझा जामीन कसा चालतो?”

“त्ये मी बघतो. तुमी सहीचं बोला.”

आम्ही या ठिकाणी अप्पांचे वीरपण वाढवून लिहू शकलो असतो, परंतु खरे लिहितो. अप्पांनी खिशातून पेन काढिले. टोपण उघडिले. मुदतीस चौदा दिवस उरले होते आणि दुसरी वाट त्यांस दिसत नव्हती. कागद गल्ल्यावर पसरला होता आणि मोहनराव बोटाने जागा दाखवीत होते. शिवांजली मागे परातींची थप्पी लावीत होती, ती पुढे आली आणि म्हणाली, “अप्पा, सही करू नका. मी एक वरीस घरी बसते.”

मोहनरावांनी तिजकडे पाहिले, अप्पांनीही पाहिले. मग अप्पांनी टोपण लाविले आणि पेन खिशात ठेवून दिले. मोहनराव उठले आणि जाताना पायरीवरची पितळी घागर पायाने बाजूस केली.

तेथून मोहिमेस आरंभ जाहला. बसस्थानकासमोर गहिनीनाथ याचे इंटरनेट कॅफे होते. गहिनीनाथ उमर चाळीस, पूर्वी टायपिंग शिकवीत असे. टायपिंग बुडाल्यावर त्याने तीन संगणक मांडिले, मध्ये प्लायवूडच्या भिंती घातल्या, आणि ताशी वीस रुपये दराने कसब्यास जगाचे दर्शन घडवू लागला. त्याने खबर दिली की मुंबईच्या दप्तरात आपलाच आकडा आपण पाहू शकतो, गेल्या सालापासून ती सोय जाहली आहे, घरबसल्या मिळतो, फक्त चारशे सत्तर रुपये लागतात. वाचणारांनी ध्यानात घ्यावे: आकडा तुमचा, नाव तुमचे, बदनामी तुमची, आणि ती पाहण्याची फी तुम्हीच भरावयाची. ऐसी लूट पेंढाऱ्यांनीही केली नाही, कारण पेंढारी लुटून झाल्यावर पावती देत नसत.

गुरुवारी सकाळी दहास अप्पा, कन्या आणि गहिनीनाथ ऐसे तिघे पहिल्या संगणकासमोर बसले. दप्तराचा पहिला सवाल ऐसा की ईमेल द्या. अप्पांस ईमेल नव्हता. तो काढावा तर त्यांचे नाव कोणी आधीच घेऊन बसलेला, सबब नावापुढे पाटोदा आणि जन्मसाल जोडिले. मग परवलीचा शब्द मागितला आणि अप्पांनी तो मोठ्याने सांगितला, जो बाहेर उभ्या तिघांनी ऐकला, म्हणून दुसरा ठेविला. मग जन्मतारीख मागितली. अप्पांची जन्मतारीख एक जून, कारण त्यांच्या शाळेच्या मास्तरांनी सगळ्या वर्गास एक जूनच लिहिली होती. मग पॅनकार्डावरचे नाव आणि मतदान ओळखपत्रावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, आणि दप्तराने अर्ज परत लोटिला. शिवांजलीने पॅनकार्डाप्रमाणे अक्षर न अक्षर पुन्हा भरिले. मग वेडीवाकडी अक्षरे दाखवून ऐसे फर्मान सुटले की, तुम्ही यंत्र नसून मनुष्य आहां हे सिद्ध करा. अप्पांनी चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाले, “ह्ये वाचणारा मनुष्य असूच शकत न्हाई.” तीन वेळा अक्षरे चुकली, चौथ्या वेळी दरवाजा उघडला.

पैसे भरावयास कार्ड पाहिजे. अप्पांजवळ कार्ड नव्हते. गहिनीनाथाने आपले एटीएम कार्ड काढिले, आधी चारशे सत्तर रुपये रोख मोजून घेतले, दोनदा, आणि मग नंबर घातला. पडद्यावर चक्र फिरू लागले. चक्र फिरता फिरता गहिनीनाथाच्या मोबाइलवर संदेश आला की पैसे कटले, आणि त्याच क्षणी वीज गेली. भारनियमनाची वेळ अकराची, परंतु त्या दिवशी साडेदहास गेली. इन्व्हर्टरवर तिसरा संगणक चाले, पहिला चालत नसे. तिघे काळ्या पडद्याकडे पाहत राहिले.

अप्पांनी विचारिले, “पैसे गेले का?”

गहिनीनाथ म्हणाला, “पैसे गेले. बाकीचं ठाऊक न्हाई.”

वीज दुपारी चारास आली. दप्तर उघडिले तो पैशांची नोंद नाही. मुंबईस फोन लाविला तो एका यंत्रातून बाई बोलू लागली की हिंदीसाठी दोन दाबा, आणि दोन दाबिले असता गाणे वाजू लागले, ते अकरा मिनिटे वाजले. मराठीसाठी काहीच दाबावयाचे नव्हते, जरी ते दप्तर मुंबईतच होते. शेवटी एक मनुष्य आला आणि त्याने हुकूम केला की अठ्ठेचाळीस तास थांबावे. अप्पा दोन दिवस थांबले. त्या दोन दिवसांत दुकानी सहा गिऱ्हाइके आली आणि त्यांतील चौघांनी भांडी न घेता स्कोअरची चौकशी केली.

शनिवारी दप्तराने पैसे कबूल केले आणि अखेरची चौकी आली. ऐसे की, तुम्ही तेच सिद्धाराम आहां याची खात्री पटविण्यास तीन सवाल. पहिला सवाल, आपण घरासाठी कर्ज खालीलपैकी कोणत्या बँकेकडून घेतले. दुसरा, आपल्या मोटारीच्या कर्जाचा हप्ता किती. तिसरा, आपले क्रेडिट कार्ड कोणते. प्रत्येकाखाली चार चार नावे आणि शेवटी एक ओळ, यांपैकी एकही नाही. शिवांजलीने वाचून मराठीत सांगितले, आणि अप्पांनी तिन्ही वेळा शेवटच्या ओळीवर बोट ठेविले. तिसऱ्या वेळी बोट ठेविताना ते म्हणाले, “ह्यांच्याकडं कर्ज सोडून बोलायला दुसरं काय न्हाईच का?”

मग कागद आला. चार पाने. गहिनीनाथाने पानास पाच रुपयेप्रमाणे छापून दिले. पहिल्या पानावर अप्पांचे नाव, पत्ता, एक जून. त्याखाली मोठ्या चौकटीत आकडा, उणे एक. दुसरे पान कर्जांचे, ते कोरे. तिसरे पान चुकलेल्या हप्त्यांचे, तेही कोरे. अप्पांनी चौकटीतला आकडा पाहिला आणि खाली बसले. इतके दिवस त्यांच्या मनात आशा होती की उत्तरेश्वररावांनी चुकून दुसऱ्याचे नाव पाहिले असेल. आता मुंबईनेच लिहून दिले होते. ते म्हणाले, “चल घरी. झालं.”

शिवांजली उठली नाही. तिने चौथे पान घेतले. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासे लिहिले होते, ऐसे की ते कोणी वाचू नयेत म्हणूनच लिहिले असावेत. ती ओळीवर नख ठेवून वाचीत गेली, एक शब्द अडला तो गहिनीनाथाच्या जुन्या डिक्शनरीत पाहिला, आणि मग बापाकडे वळून म्हणाली, “अप्पा, ऐका. ज्या माणसाचं कुठलंच कर्ज आमच्या दप्तरात न्हाई, त्याच्या नावापुढं आम्ही उणे एक लिहितो. हा वाईट शेरा न्हाई. कर्ज द्यायचं का न्हाई, त्ये देणाऱ्यानं आपलं ठरवावं. असं लिवलंय हितं.”

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचले. तिसऱ्यांदाही वाचले.

अप्पा म्हणाले, “म्हंजी मी चोर न्हाई.”

“न्हाई अप्पा. तुमी त्यांना ठाऊकच न्हाईत.”

यावर अप्पांस आनंद व्हावा ऐसे गहिनीनाथास वाटले आणि त्याने चहाही सांगितला. परंतु अप्पा बराच वेळ त्या कोऱ्या दुसऱ्या पानाकडे पाहत राहिले. एकावन्न वर्षे कोणाची पै बुडविली नाही, आणि त्या सगळ्याची नोंद म्हणून मुंबईकरांनी एक कोरा कागद धाडला होता, वर आडवी रेघ आणि एकाचा आकडा. काही नाही हे लिहिण्यास त्यांस काही नाही ऐसे दोन शब्द सुचले नाहीत. शून्याखालचा आकडा सुचला. ज्याने तो प्रथम सुचविला त्यास वर्षअखेर बक्षीसही मिळाले असेल.

सोमवारी, शुद्ध एकादशीस, अप्पांनी बँकेवर चाल केली. सोबत कन्या, चार पाने, आणि या खेपेस रुद्राणीबाई, ज्यांनी बँकेत पाऊल प्रथमच टाकिले. उत्तरेश्वरराव साडेअकरास आले, बारापर्यंत सिस्टिम बंद होती, आणि सिस्टिम चालू होताच त्यांचा फोन चालू जाहला. साडेबारास भेट मिळाली. त्यांनी कागद दोन बोटांनी उचलिला आणि फर्माविले की कॅफेतून छापलेला कागद बँक मानीत नाही.

शिवांजलीने अदबीने विनंती केली की साहेबांनी तोच कागद आपल्या संगणकात उघडावा आणि शेवटचे पान पाहावे.

साहेब म्हणाले, “मला शिकवू नका. दोन वर्षांत असले सतरा अर्ज मी परत केलेत. उणे एक, उणे एक. एकानं तोंड उघडलं नाही.”

रुद्राणीबाई म्हणाल्या, “आमी उघडायलो की. बघा ते पान.”

बाहेर रांगेतील लोक काचेपाशी आले होते. साहेबांनी लोकांकडे पाहिले आणि संगणकाकडे वळले. पहिले पान उघडिले. मग खाली गेले, दुसरे, तिसरे. त्यांच्या बोटांवरून स्पष्ट दिसत होते की या मार्गाने ते पूर्वी कधी गेले नव्हते. चौथे पान आले. त्यांनी वाचिले. पुन्हा वाचिले. मग चष्मा काढून पुसला आणि विभागीय कचेरीस फोन लाविला, आणि घाईत स्पीकर चालू राहिला, त्यामुळे पलीकडच्या अधिकाऱ्याचा जाब खोलीतल्या सर्वांनी ऐकिला:

“उणे एक म्हणजे नवीन ग्राहक, साहेब. नाकारायचं कारण नाही. गेल्या वर्षीच परिपत्रक आलंय, तुमच्या सहीनं पोचसुद्धा आलीय.”

साहेबांनी स्पीकर बंद केला, परंतु लढाई तेथेच निकाली निघाली. अर्ज पुन्हा घेतला. मंजुरीपत्र बुधवारी देतो ऐसे कबूल केले. अप्पांस खुर्ची देवविली आणि चहा मागविला.

अप्पांनी चहा घेतला नाही. ते म्हणाले, “साहेब, त्ये सतरा?”

“कोणते सतरा?”

“परत केलेले. तुमीच बोललात आता.”

साहेबांनी उत्तर दिले की त्या जुन्या फायली आहेत, सवडीने पाहू. अप्पा म्हणाले, “मी सात दिवस लोकांची तोंडं बघितली. त्ये दोन वरसं बघायलेत. तुमी फायली काढा, मी हितंच बसतो.” आणि बसले. रुद्राणीबाईही बसल्या. रांगेतले काही लोक आत येऊन उभे राहिले, आणि त्यांत शिवशंकरही होता, जो पासबुक भरावयास आला होता. त्याने अप्पांकडे पाहिले नाही, परंतु तो गेलाही नाही. दुपारी अडीचास शिपायाने माळ्यावरचे गाठोडे काढिले. फायलींवर धूळ इतकी की साहेब शिंकले. मग एक एक नाव निघाले: चपलांचे दुकान, शेवया करणारी बाई, रिक्षा, शिलाईयंत्र, दूध, चहाची गाडी. कोणाचेच कर्ज कधी नव्हते, आणि त्याच अपराधासाठी कर्ज नाकारले गेले होते. साडेचारास बँक बंद होण्याआधी सतरा पत्रे लिहून जाहली आणि त्यांतील मजकूर शिवांजलीने सांगितला, ऐसा की, आपला अर्ज आमच्या चुकीने परत केला गेला, आपल्या नावावर कोणतेही थकीत कर्ज नाही. “आमच्या चुकीने” हे शब्द साहेबांस काढावयाचे होते. काढू दिले नाहीत.

मोहनरावांचे काही बिघडले नाही. त्यांचे सातशे ऐंशी तसेच राहिले आणि पुतण्यास दुसरा जामीन मिळाला. पतदप्तराने त्याची कदर केली असेल.

पुढच्या सोमवारी सुंदरबाई नामे एक बाई दुकानी आली. नवरा वारलेला, लोकांचे कपडे शिवून राहणारी. तिने दोन वर्षांमागे फॉल-पिकोच्या यंत्रासाठी तीस हजार मागितले होते. तिच्या हातात बँकेचे पत्र होते आणि वाचता येत नव्हते. रुद्राणीबाईंनी तिला आत बसविले आणि पत्र वाचून दाखविले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मला त्या साहेबानी सांगितलं व्हतं, शून्याच्या खाली हाय म्हणून. मला वाटलं, मालकानी मरायच्या आधी कुठंतरी कर्ज करून ठिवलं आन् माझ्या नावावर टाकलं. दोन वरसं मी त्यांच्या फोटोला हार घातला न्हाई.”

रुद्राणीबाईंनी पत्र घडी करून तिच्या हाती दिले आणि पाणी आणावयास म्हणून आत गेल्या, त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली ती दाखल करितो. कर्ज मंजूर रुपये तीन लाख साठ हजार, चार सालांसाठी. फी औरंगाबादेस पोचली तीन सप्टेंबरास, मुदतीआधी दोन दिवस. खर्च दप्तराची फी चारशे सत्तर, छपाई वीस, कॅफे साठ, फोन बावीस. पत्रे रवाना सतरा. पैकी अकरा असामी बँकेत हजर जाहले, तिघे गाव सोडून पुण्यास गेले होते, एकाने सावकाराचे कर्ज काढून यंत्र आधीच घेतले होते, एकजण मयत. ते पत्र त्याच्या मुलाने घेतले आणि पोस्टमनास सही करून दिली. सतरावी सुंदरबाई. तिने बँकेत जाण्याआधी फुलवाल्याकडून हार घेतला, दहा रुपये रोख, आणि घरी गेली. बँकेत दुसरे दिवशी आली. मजकूर खरा, हस्ताक्षर अर्जनवीसाचे, बहुत काय लिहिणे.